भरल्या ताटानेही वजन उतरते



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू येईल. खेड्यातल्या माणसाला वजन उतरवण्याच्या गोष्टी कसल्या सांगता, असेही कोणी म्हणेल. आजवर आपल्याला काळजी होती ती अंगावर मांस न धरणाऱ्या माणसाची. सुटलेले पोट म्हणजे सावकाराचे नाही तर नाटकातल्या शेटजीचे लक्षण, अशीच आपली समजूत.

पण आकडे निराळे सांगतात. २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत सुमारे २१ जणींचे आणि दर शंभर पुरुषांत १९ जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत हेच आकडे २४ आणि २३ वर गेले. त्याच पाहणीत शंभरात जवळजवळ १९ स्त्रिया फाजील बारीक निघाल्या आणि ५७ स्त्रियांच्या रक्तात लाल द्रव्य कमी निघाले. याचा अर्थ ध्यानात घ्या. जाड माणसे एका देशात आणि बारीक माणसे दुसऱ्या देशात, असे काही नाही. एकाच गावात, एकाच घरात, कधी कधी तर एकाच माणसाच्या अंगी या दोन्ही उणिवा नांदतात. पोट सुटलेले असते आणि रक्तही कमी असते.

हे कसे झाले? वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले रिठद घ्या, नाही तर त्याच्या अवतीभवतीचे कोणतेही गाव घ्या. हा मुलूख ज्वारी-कपाशीचा. दोन पिढ्यांपूर्वी इथली बाई पहाटे जात्यावर बसे, विहिरीवरून पाणी शेंदून आणी, मग निंदणाला जाई. पुरुषमाणूस वखरामागे, डवऱ्यामागे दिवसभर कित्येक मैल चाले. आज जाते कोपऱ्यात पडले आहे. दळण चक्कीवर जाते, पाणी नळाने येते. वखराच्या जागी ट्रॅक्टर आला, निंदणाच्या बऱ्याच जागी तणनाशक आले, सोंगलेले पीक थ्रेशरमधून निघते, आणि शेतात जायला दाराशी मोटारसायकल उभी असते. यात वाईट काही नाही, बरं का. आजीचे जाते सुनेच्या गळ्यात पुन्हा बांधा, असे सांगायला मी आलेलो नाही. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. मात्र कष्टाला लागणारे अन्न आणि आजच्या कामाला लागणारे अन्न यांत फरक पडला, आणि तो फरक ताटाने अजून मानलेला नाही.

शिवाय ताटही बदलले. ज्वारी मागे पडली. रेशनचा गहू आणि तांदूळ पुढे आले. शेतात आज खरिपाला जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. प्रथिनांनी भरलेले हे धान्य पोत्यांनी बाजारात जाते, आणि आपल्या घरात परत येते ते बहुधा तेलाच्या पिशवीतून. प्रथिन गेले, तेल आले. एवढ्या एका वाक्यात आपल्या ताटाचा पुष्कळसा इतिहास आहे.

आता कोणाच्या ध्यानात आले की वजन वाढले, तर तो पहिला उपाय कोणता करतो? जेवण सोडतो. लग्न ठरायचे म्हणून घरातली मुलगी एका पोळीवर दिवस काढते. गुडघे दुखू लागले म्हणून बाई रात्रीचे जेवण बंद करते. कोणी भात सोडतो, कोणी नुसत्या काकडीवर राहतो. पंधरा दिवस काटा खाली जातो. मग घरात कार्य निघते, सण येतो, किंवा नुसती सहनशक्ती संपते, आणि वजन होते तिथे परत येते. वर दोन किलो व्याजही घेऊन येते. मग लोक त्या माणसालाच दोष देतात की, याचा मनावर ताबा नाही.

श्रोतेहो, दोष मनाचा नाही, पद्धतीचा आहे. शरीराला तुमचे लग्न ठाऊक नसते आणि वजनाचा काटाही ठाऊक नसतो. त्याला कळते ते एवढेच, की दुष्काळ पडला. दुष्काळात शहाणा शेतकरी काय करतो? खर्च आखडतो, आणि पुढच्या सुगीला पहिल्यांदा कोठार भरतो. शरीर नेमके तेच करते.

हा नुसता दृष्टान्त नव्हे. दुसरे महायुद्ध संपत आले असता, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. ते तरुण स्वतःहून पुढे आले होते. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन पाव हिश्शाने घटले खरे. पण माणसे चिडखोर झाली, त्यांना सदा थंडी वाजू लागली, आणि रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज दुसरा विषय राहिला नाही. प्रयोग संपल्यावर पोट भरले तरी त्यांची भूक शमेना. अलीकडे, २०१६ साली, दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या एका अमेरिकन स्पर्धेतील १४ स्पर्धकांच्या सहा वर्षांनंतरच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे वजन परत वाढले होते, आणि त्यांचे शरीर बसल्या जागी जेवढी शक्ती खर्च करायला हवी, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक, म्हणजे कॅलरी, कमी खर्च करत होते. सहा वर्षे झाली तरी शरीर दुष्काळ विसरले नव्हते.

आपल्या लोकांना उपासमारीचा मार्ग आणखी एका कारणाने घातक आहे, आणि ते कारण महाराष्ट्रातच सापडलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या खेड्यांतले बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचे भरले. इंग्लंडातील साउथॅम्प्टनचे बाळ ३.५ किलोचे. आपले बाळ सगळ्याच बाबतींत लहान होते. पण विशेष कमी होते ते स्नायू, आणि कातडीखालच्या चरबीत मात्र फारशी कसर नव्हती. म्हणजे बाळ बारीक, पण चरबी राखून जन्मलेले.

पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला एकत्र काढलेला फोटो छापला. दोघेही अंगाने सडपातळ. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगी ९.१ टक्के, आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के निघाली. वरून दोन माणसे सारखी, आतून दुप्पट फरक. म्हणूनच आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो.

यातून आपल्या कामाचा धडा असा निघतो. आपल्या अंगात मांस मुळातच कमी आणि चरबी जास्त. माणूस उपाशी राहिला म्हणजे नुसती चरबी जात नाही, मांसही जाते. परत खाऊ लागला की भरते ती बहुतांशी चरबी. असे दोनतीनदा झाले, की काटा तोच दाखवतो, पण माणूस आतून पहिल्यापेक्षा कमजोर होतो. तेव्हा आपल्याला नुसते वजन घटवायचे नाही. चरबी उतरवायची आहे आणि मांस राखायचे आहे. आणि मांस राखायला दोनच गोष्टी लागतात: पोटात प्रथिन आणि अंगाला काम. उपासमारीत या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

मग मोजमाप कशाने करावे? काट्याची गरज नाही, घरातली सुतळी पुरे. आपल्या उंचीएवढी सुतळी कापा. ती मधोमध दुमडून अर्धी करा. सरळ उभे राहा, श्वास सहज सोडा, आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध ती अर्धी सुतळी पोटाभोवती गुंडाळा. दोन्ही टोके जुळली तर बहुधा काळजी नाही. टोके जुळत नसतील, मध्ये चार बोटे जागा उरत असेल, तर आजचे भाषण तुमच्यासाठी आहे. टेप असेल तर आपल्या लोकांसाठी ठरवलेले माप असे: पुरुषांचे पोट ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांचे ८० सेंटिमीटरच्या आत असावे. सुतळी महिन्यातून एकदा लावावी, रोज लावू नये. रोज उठून रोप उपटून पाहिले तर ते वाढत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. सुरुवात ताटाने नव्हे, चहाने करायची. दिवसाला चार कप चहा आपल्याकडे सहज होतो. घरी दोनदा, शेजारी एकदा, हॉटेलात एकदा. पाहुणा आला तर पाचवा. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर धरा. दिवसाला ४० ग्रॅम झाली. वर्षाचा हिशेब केला तर एका माणसाच्या पोटात नुसत्या चहातून साडेचौदा किलो साखर जाते! जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वरून घातलेली साखर सगळी मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. चहा सोडू नका. आठ-पंधरा दिवस दोन चमच्यांचा दीड करा, मग एक करा. जिभेला कळतसुद्धा नाही. गूळ घातला म्हणजे मोकळीक मिळाली, असे मात्र नाही. वजनाच्या हिशेबात गूळ साखरेचा सख्खा भाऊ आहे.

दुसरी गोष्ट तेलाची. एक ग्रॅम धान्यातून किंवा डाळीतून सुमारे ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. माणशी रोज २५ ग्रॅम तेल धरले तर पाच माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा ३६ दिवस पुरला पाहिजे. तुमच्या घरी किती दिवस पुरतो? पुढचा डबा फोडाल तेव्हा त्यावर तारीख घाला, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये महिन्याचे तेल दहा टक्क्यांनी कमी करा, असे सांगितले होते. दहा टक्के म्हणजे डबा तीन-चार दिवस जास्त पुरवणे. भाजीवर तर्री तरंगली नाही म्हणून पाहुणा रुसत नाही.

तिसरी गोष्ट ताटाच्या मांडणीची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली नवी आहारतत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा सारांश आपल्या भाषेत सांगायचा तर असा: अर्धे ताट भाजी आणि फळांचे, उरलेल्या अर्ध्यात धान्य, डाळ-कडधान्य आणि दूध-दह्याचा वाटा. आपल्याकडे नेमके उलटे असते. मधोमध तीन पोळ्या, बाजूला भाताचा ढीग, आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी. म्हणजे भाजी तोंडी लावायला आणि धान्य पोट भरायला. हे प्रमाण फिरवा. मेथी, चवळई, अंबाडी, पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात हरभऱ्याची हिरवी भाजी, वांगे, भेंडी, दोडके, कच्चा कांदा, मुळा, काकडी यांतले जे बांधावर आणि बाजारात स्वस्त असेल ते वाढीव घ्या. तुरीचे वरण घट्ट करा. मूग, मटकी, बरबटी, हरभरा यांची उसळ आठवड्यातून चारदा तरी होऊ द्या. खाणाऱ्यांनी अंडे घ्यावे. न खाणाऱ्यांनी दही-ताक घ्यावे. पाच पोती सोयाबीन विकताना पाच किलो घरी ठेवा. चांगले भाजून, दळून, कणकेत थोडे थोडे मिसळा. जेवताना आधी भाजी, उसळ आणि वरण यांना सुरुवात करा, भाकर त्यांच्या सोबतीने येऊ द्या. पोट भरल्याची बातमी डोक्याला पोचायला जरा वेळ लागतो. सावकाश जेवणाऱ्याला ती वेळेवर पोचते.

ज्वारीविषयी दोन शब्द. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि भाकरीला पुन्हा मान आला. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्वारीत चोथा चांगला असतो, भाकरीला तेल लागत नाही, आणि ती चावून खावी लागते. पण भाकर म्हणजे औषध नव्हे. चार भाकरी आणि चिमूटभर ठेचा हेही जेवण अपुरेच. भाकर कमी करा असे मी म्हणत नाही. तिच्या शेजारची जागा भरा, मग भाकर आपोआप दोनवर येते.

घरातल्या कर्त्या माणसांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपल्या घरात बाई शेवटी जेवते. तोवर वरणाचे भांडे रिकामे झालेले असते, भाजी खरडलेली असते. उरते ती भाकर आणि भात. वाया जाऊ नये म्हणून मुलांच्या ताटातले उरलेसुरलेही तिच्याच पोटात जाते. पोट वाढते आणि रक्त वाढत नाही, याचे एक कारण इथे आहे. अशा बाईला ‘तू जेवण कमी कर’ म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. तिला जेवण कमी नको, तिच्या वाट्याचे वरण आणि भाजी हवी. सर्वांनी एकत्र जेवायला बसणे, किंवा बायांचे वरण-भाजी आधीच बाजूला काढून ठेवणे, हा घरोघर करता येण्याजोगा आणि एका पैशाचाही खर्च नसलेला उपाय आहे.

चौथी गोष्ट पुड्यांची. गावातल्या लहानशा दुकानातही आज दारावर रंगीत पुड्यांच्या माळा लटकतात. २०१९ साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना दोन आठवडे कारखान्यात बनलेल्या तयार अन्नावर आणि दोन आठवडे साध्या, घरच्यासारख्या अन्नावर ठेवले. दोन्ही वेळी पुढे वाढलेल्या ताटात साखर, चरबी, चोथा यांचे प्रमाण सारखे होते आणि पाहिजे तितके खायची मुभा होती. तयार अन्नावर असताना माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वजन वाढवले. साध्या अन्नावर, पोटभर खाऊन, तेवढेच उतरवले. आजच्या भाषणाचा मथळा याहून वेगळे काय सांगतो?

आता उपवासाविषयी. श्रद्धेने उपवास करणाऱ्याला माझा नमस्कार आहे. पण वजनासाठी उपवास करायचा असेल तर आपली म्हण आठवा: एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पीठ; वर तेल, बटाटा आणि गोड चहा. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धतही तुमच्या कानावर असेल. तिचा गुण आलेली माणसे आहेत. मधल्या वेळचा चहा, बिस्किटे, चिवडा थांबतो, हा त्यातला मोठा फायदा. तो कोणीही घ्यावा. पण दिवसभर उन्हात राबणाऱ्याला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला, वाढत्या मुलाला ती सोसेलच असे नाही. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळू नये. रक्तातली साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

पाचवी गोष्ट अंगमेहनतीची. ‘आम्ही शेतकरी, आम्हाला कसला व्यायाम?’ हा प्रश्न रास्त आहे. पेरणी-सोंगणीच्या दिवसांत राबणाऱ्याला वेगळा व्यायाम नको. त्याला पोटभर अन्न हवे. परंतु वर्षातले किती दिवस असे जातात, याचा प्रामाणिक हिशेब करा. उरलेल्या दिवसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे माप असे आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असे काम. जोर-बैठका घ्या, पाण्याची घागर उचला, मोटारसायकल सोडून पायी शेतात जा. साठ किलोचा माणूस तासभर भरभर चालला तर दोनशे-अडीचशे उष्मांक खर्ची पडतात. एक-दोन आलूबोंड्यांत ते परत येतात. म्हणून नुसत्या चालण्यावर विसंबून ताट मोकळे सोडू नये. पण चालण्याने स्नायू राहतात, साखर पचते, रक्तदाब आवरतो आणि झोप लागते. हा नफा काट्यावर दिसत नाही, म्हणून तो लहान नव्हे.

बायांना रस्त्याने नुसते चालायला संकोच वाटतो, हे मी जाणतो. ‘कुठे निघाली?’ असे दहा जण विचारतात. त्याला उत्तर एकच: दोघी-चौघींनी मिळून निघावे. बचत गटाची बैठक असते, तसा चालण्याचाही गट होऊ शकतो. चार दिवस लोक विचारतील, पाचव्या दिवशी सवय होईल.

झोपेचाही यात वाटा आहे. अपुरी झोप झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, आणि तीही गोडाची नि तळणाची. रात्रीच्या विजेवर रब्बीला पाणी देणाऱ्यांना हा सल्ला पाळणे कठीण आहे; त्यांनी निदान दुपारची झोप चुकवू नये आणि रात्री जागताना गोड चहाऐवजी फुटाणे जवळ ठेवावेत.

हे सर्व करून वजन किती उतरेल? आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक घाई करू नये. ऐंशी किलोच्या माणसाचे चार किलो उतरले तरी रक्तदाबात आणि साखरेत फरक पडू लागतो. आणि समजा काटा फारसा हललाच नाही, तर? तेव्हा चेन्नईचा एक अनुभव ध्यानात ठेवा. तिथे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षे अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह जडला; आहार आणि चालणे सुधारलेल्यांत ३९ जणांना. गंमत अशी, की या दुसऱ्या गटाचे वजन विशेष घटले नव्हते! वजन तेच राहूनही रोग लांबला. म्हणून आपले लक्ष काट्यावर कमी आणि रोजच्या वागणुकीवर जास्त असावे.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी वेगळी विनंती आहे. वर्गातल्या स्थूल मुलाला कोणी ‘जाड्या’ म्हणत असेल तर ते तिथल्या तिथे थांबवा. हिणवल्याने मूल बारीक होत नाही; ते खेळ सोडते, डबा चोरून खाते आणि एकटे पडते. वाढत्या मुलाचे जेवण कमी करू नये. उंची वाढते तसे वजन पुष्कळदा आपोआप प्रमाणात येते. त्याऐवजी खेळाचा तास खेळासाठीच राखा. शाळेत शिजणाऱ्या पोषण आहारातली डाळ-उसळ मुले पोटभर खातील असे पाहा, आणि पुड्यांच्या जागी शेंगदाणे, फुटाणे, पेरू, बोरे आणण्याची रीत पाडा. चहाच्या साखरेचा आणि तेलाच्या डब्याचा हिशेब सहावी-सातवीच्या वर्गात गणित म्हणून घाला. मुलगा घरी जाऊन आईला विचारेल, ‘आपला डबा किती दिवस पुरतो?’ त्या एका प्रश्नाने जे होईल, ते माझ्या भाषणाने होणार नाही.

शेवटी सावधगिरीच्या दोन गोष्टी. मी वैद्य नाही, वाचणारा आणि शिकवणारा माणूस आहे. तेव्हा शंका असेल तिथे डॉक्टरांना विचारा. वजन काही न करता झपाट्याने घटू लागले तर आनंद मानू नका. मधुमेह किंवा क्षयही असू शकतो, ताबडतोब तपासणी करा. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. तिचा लाभ घ्या. आणि महिन्यात दहा किलो उतरवण्याची हमी देणारी पावडर किंवा काढा कोणी विकायला आला, तर त्याला चहा पाजा, कमी साखरेचा, आणि निरोप द्या.

वजनाची ही गोष्ट दिसण्याची नाही. चाळिशीत मधुमेह जडलेल्या शेतकऱ्याच्या घरात औषधाचा खर्च बियाण्याच्या पैशातून निघतो, आणि पायाची जखम भरली नाही तर हंगाम बुडतो. तो हंगाम वाचवायचा तर उपाशी राहून भागणार नाही. ताटात भाजी-वरण वाढवा, कपातली साखर घटवा, तेलाच्या डब्यावर तारीख घाला, पायांना काम द्या, आणि घरातल्या बाईच्या ताटाकडे लक्ष द्या. यातली एकच गोष्ट आज निवडा, आणि महिनाभर ती सोडू नका. दुसरी पुढच्या महिन्यात.